हाळीचे दिवस

ऊस डोक्याच्या वर गेला की आमच्या अवसरीतली माणसं मोठ्यानं बोलायला लागतात. एरवी हळू बोलणारीसुद्धा. पाणी धरायला निघालेला माणूस मोबाइलवर गाणी लावतो, शाळेतून येणारी पोरं पाढे म्हणत येतात, बायका काही काम नसताना एकमेकींना हाका मारतात. उसात बिबट्या असतो. असतोच असं नाही, पण नाहीच असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि भीतीला तेवढं पुरतं. काल वनखात्याची गाडी पुन्हा भोंगा लावून फिरली. लहान मुलांना एकटं सोडू नका, वाकून काम करताना मागे कुणाला तरी उभं करा, अंगणात दिवा ठेवा. मी मेथी निवडत बसले होते. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली तरी माझे हात तसेच थांबलेले होते. मला बिबट्या आठवला नव्हता. मला आठवला तो हिवाळा, ज्यात माझी लेक घरी येऊन राहिली होती आणि तिला परत पाठवायचं की नाही हे माझ्यावर येऊन पडलं होतं.

प्रज्ञा आमची एकुलती. वैमानिक व्हायला गेलेली. आमच्या वस्तीवरची पहिली मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा लोक पेढे मागायला आले होते; प्रज्ञा विमान शिकायला गेली तेव्हा लोक आले आणि कुणाला काय बोलावं ते सुचेना. शेजारचे लक्ष्मणभाऊ, ज्यांचा ऊस आमच्या घराला तिन्ही बाजूंनी वेढून आहे, ते एवढंच म्हणाले, "पडलं-बिडलं तर?" आणि मग त्यांनाच वाईट वाटून चहा न घेता गेले. बोलून दाखवणारे ते एकटेच. मनात तर सगळ्यांच्याच तेच होतं, माझ्याही. आमचे हे वीज खात्यात लाइनमन. वीसेक वर्षं ते खांबावर चढतायत आणि वीसेक वर्षं मी खाली घरात कान देऊन बसलेय. त्यामुळे उंचीशी माझं भांडण जुनंच आहे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि थोड्याच दिवसांत प्रज्ञा मोठी बॅग घेऊन आली. नेव्हिगेशनचा पेपर आहे, घरी अभ्यास बरा होईल, म्हणाली. नेव्हिगेशन म्हणजे आपलं विमान आत्ता कुठं आहे आणि चाललंय कुठं, हे ओळखण्याची विद्या. तिचं विमान शिकायचं ठिकाण आमच्यापासून एसटीनं अर्ध्या दिवसावर, खालच्या सपाट मुलखात. तिथं खोली होती, मैत्रिणी होत्या, पुस्तकं होती. मग घरी कशाला, हे मी विचारलं नाही. ती दिवा लावून झोपायची. ताटात भाकरी अर्धी राहायची. गच्चीवर कपडे वाळत घालताना आभाळात लांबून विमानाचा आवाज आला की ती वर न बघता खाली घरात यायची. आईला हे दिसतं. पण विचारलं तर ती सांगेल आणि सांगितलं तर ते खरं होईल, म्हणून मी गप्प राहिले.

"आई, तू मला प्रश्न विचार," ती म्हणाली, आणि ते जाड पुस्तक माझ्या हातात आलं. मी कळंबच्या प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांना दरवर्षी मैदानात उभं करते, सूर्याकडं तोंड, समोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, डाव्या हाताला उत्तर. झालं भूगोलाचं पहिलं पाऊल. त्या पुस्तकात वाचलं तर उत्तरही एक नाही. खरी उत्तर वेगळी, लोहचुंबक दाखवतो ती वेगळी, आणि विमानातल्या लोखंडामुळं विमानातलं होकायंत्र दाखवतं ती आणखी तिसरी. मला जरा फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी पोरांना जी उत्तर दाखवली ती नेमकी कुठली, असा प्रश्न पडला आणि प्रज्ञा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मग वाऱ्याचा धडा आला. विमानाचं तोंड एकीकडं असतं आणि ते जातं दुसरीकडं, कारण भोवतालची सगळी हवाच सरकत असते. मला हे लगेच कळलं. कळंबच्या पुलाखाली घोड नदी भरून वाहते तेव्हा पलीकडं पोहत जाणारा माणूस समोरच्या काठाकडं तोंड करत नाही, जरा वरच्या अंगाला करतो, तेव्हा कुठं तो समोर निघतो. किती वर करायचं ते नदीच्या ओढीवर. प्रज्ञा कागदावर त्याचा त्रिकोण काढायची: एक रेघ विमानाची, एक वाऱ्याची, आणि तिसरी जी खरी वाट. पेन्सिलीला टोक करून करून तिच्या बोटांना काळं लागलेलं असायचं.

खरं सांगायचं तर त्या पुस्तकानं मला घाबरवलं. बाहेरून ते रस्ता कसा शोधावा याचं पुस्तक, पण आतला प्रत्येक धडा माणूस कसा चुकतो याचा. वाऱ्यानं चुकतो, होकायंत्रानं चुकतो, उंचीनं चुकतो, धुरकटपणानं चुकतो, आणि आपण बरोबर आहोत या खात्रीनं तर फारच चुकतो. एक नियम तर असा की एक अंशानं तोंड चुकलं तर साठ मैलांवर गेल्यावर माणूस एक मैल बाजूला पडलेला असतो. एक अंश म्हणजे काय, चौथीतल्या पोराच्या कोनमापकावरची एक बारीक रेघ. तेवढ्यानं एक मैल. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले.

तिला मी विचारलं होतं की आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, तो रस्ता सांगतो, मग हे सगळं कशाला. ती म्हणाली, विमानात यंत्र असतं गं, पण शिकताना सर ते बंद करायला लावतात. यंत्र बंद पडलं तर काय करशील, हेच तर शिकवायचं असतं. मला ते सर आवडले नाहीत.

एका दुपारी गच्चीवर मी विचारत होते आणि ती फटाफट सांगत होती. वाट ओळखायचा नियम कुठला? ती म्हणाली, आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. म्हणजे? म्हणजे, घड्याळात बघायचं की निघून किती वेळ झाला. त्यावरून नकाशात शोधायचं की आत्ता खाली काय असायला हवं. आणि मग खिडकीतून खाली बघायचं की ते आहे का. मी पुस्तकातला पुढचा प्रश्न वाचला. हा क्रम उलटा केल्यास काय होते? तिनं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

तेव्हा ते सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर तिला पहिल्यांदा एकटीनं लांब पाठवलं होतं. विमानात दुसरं कुणी नाही. उत्तरेला संगमनेरपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. वाट आळेफाट्याच्या जरा पूर्वेनं जाणारी, म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या कडेकडेनं. ती रात्रभर खूश होती. आपला मुलूख वरून दिसेल, जमलं तर आपलं घर दिसेल. हवा धुरकट होती. उगवतीकडून वारा होता, सांगितला होता त्यापेक्षा जोराचा, आणि तो तिला गुपचूप मावळतीकडं ढकलत होता. घड्याळाप्रमाणं एक गाव खाली यायला हवं होतं, ते आलं नाही. तेवढ्यात डावीकडं लांब, डोंगराच्या कुशीत पाणी चमकलं. धरणाची भिंत दिसली. तिला वाटलं, डिंभे. आपलं डिंभे धरण.

परकी मुलगी असती तर तिनं नकाशा काढला असता. प्रज्ञानं काढला नाही. डिंभ्याखालची घोड नदी धरून सरळ खाली आलं की हमरस्ता लागतो, तिथं कळंब, मंचर, आणि तिथून उगवतीच्या अंगाला अवसरी. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. ती वळली, नदी धरली, हमरस्ता आला, रस्त्यावरचं मोठं गाव आलं. सगळं बरोबर येत गेलं. फक्त ते डिंभे नव्हतं. ते वडजचं धरण होतं, नदी मीना होती आणि गाव नारायणगाव. आमच्याकडच्या सगळ्या नद्या डोंगरातून निघून उगवतीकडं जातात, सगळ्यांना वर धरण आहे आणि सगळ्या त्याच हमरस्त्याखालून जातात. खालून बघणाऱ्याला त्या वेगळ्या वाटतात, कारण प्रत्येकीच्या काठाला आपली माणसं असतात. वरून माणसं दिसत नाहीत.

मग ती अवसरी शोधायला लागली. खाली ऊस, शेततळ्यांची निळी प्लास्टिकं, पाण्याची टाकी, शाळेची लांब कौलं. सगळं आपल्यासारखं आणि काहीच आपलं नाही. एका गावावर तिनं घिरट्या घातल्या, पुन्हा पुन्हा, की घर दिसेल. ते बोरी बुद्रुक होतं. बोरी माझं माहेर.

आणि हे ती सांगत असताना मला तो दिवस आठवला. त्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला होता. तो कांद्याच्या रोपात होता. म्हणाला, "आक्के, एक इमान लई घिरट्या घालतंय आमच्या डोक्यावर. घारीवानी. काय हरावलंय का काय त्याचं?" आणि मी हसले होते. म्हणाले होते, मामाला सलाम करत असेल कुणीतरी. माझी लेक त्यात एकटी बसली होती, इंधनाचा काटा बघत होती, आणि खाली माझा भाऊ मान वर करून बघत होता आणि इकडं मी हसत होते. तिघं एकाच वेळी एकमेकांना धरून होतो आणि कुणालाच माहीत नव्हतं.

रेडिओ तिच्या कानाला होता. बटण दाबून एक वाक्य बोलायचं होतं, मी कुठं आहे ते मला कळत नाही. शिकवलेलंच वाक्य. ते तिनं म्हटलं नाही. वेळेवर संगमनेरला पोचल्याची खबर आली नाही म्हणून सरांनीच तिला हाक मारली, मग वळायला सांगितलं, मग कुठं ती रस्त्याला लागली. उतरल्यावर विमान थांबलं तरी ती बराच वेळ आतच बसून राहिली. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की विचारलं का नाहीस? तेव्हा तिला उत्तर देता आलं नव्हतं. गच्चीवर मला दिलं.

"आपल्याच मुलखात रस्ता कसा विचारायचा, आई? लोक काय म्हणतील?"

मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं आता ती रडेल, पण ती रडली नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तू नको म्हण. एकदाच म्हण. तू नको म्हणालीस तर मी परत जाणार नाही. माझं मला म्हणता येत नाही."

एवढा सोपा शब्द. मी तो किती वेळा मनात म्हटला होता. ती पहिल्यांदा निघाली तेव्हापासून तो माझ्या जिभेवर होता, गिळून गिळून मी तो पोटात ठेवला होता, आणि आता तीच मागत होती. मी तो देऊन टाकला असता तर त्या क्षणी घरात सगळं शांत झालं असतं. ती जेवली असती, दिवा विझवून झोपली असती. मी म्हणाले, आधी पेपर तर दे. हे उत्तर नव्हतं, पळवाट होती, आणि दोघींना ते माहीत होतं.

ह्यांना मी सांगितलं. ते चपला काढत होते. बराच वेळ चपलाच काढत राहिले. मग म्हणाले, "तू काय म्हणायचं ते म्हन. मी मधी पडत न्हाय. मला तू कधी नको म्हणली न्हाईस, खांबावर चढताना. जपून म्हणतीस. रोज म्हणतीस." मी म्हणाले, तुमचं वेगळं.

तो महिना असाच गेला, दोन भीतींच्या मध्ये. खाली ऊस आणि वर आभाळ. लक्ष्मणभाऊंचा कुत्रा संध्याकाळी अंगणातून गेला, साखळी तेवढी राहिली. शेजारच्या वस्तीवर बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जायला सुरुवात केली. बिबट्या वाकलेल्या माणसाला जनावर समजतो आणि मान धरतो, म्हणून. पहिल्या दिवशी त्या पट्ट्यांना हसलो, दुसऱ्या दिवशी मी दुकानात त्याची चौकशी केली. शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी भराभरा पावलं टाकायचे. घरी पोचल्यावर प्रज्ञा दारात उभी असायची, आणि तिचंही तोंड उतरलेलं. मला कळेना की ती माझ्यासाठी घाबरली होती की तिच्यासाठी. बहुधा तिलाही कळत नसेल.

या दिवसांत आमच्याकडं एक रीत असते. हमरस्त्यावरून वस्तीकडं येणाऱ्या पायवाटेला दोन्हीकडून ऊस. तिन्हीसांजेला कुणीही आलं तर रस्त्याच्या कडेच्या विजेच्या डीपीपाशी थांबायचं आणि हाळी द्यायची. नाव सांगायचं, "मी अमुक, येतोय." मग वस्तीवरून कुणीतरी ओ देतं, बॅटरी आणि काठी घेऊन पुढं येतं, ताट वाजवत, आणि त्याला घेऊन जातं. कुणी कुणाला हसत नाही. सरपंच हाळी देतो, पैलवान हाळी देतो. आमचे हे रात्रपाळीहून येतात तेव्हा ह्यांचीही हाळी येते, आणि ती ऐकली की मी भात गॅसवर ठेवते.

पेपरच्या काही दिवस आधी प्रज्ञा हॉल तिकिटाच्या कामाला मंचरला गेली. सूर्य बुडाला तेव्हा मी अंगणात उभी होते. जीपचा दिवा डीपीपाशी थांबला आणि पुढं गेला. मी कान दिला. हाळी आली नाही. वाटलं, जीप दुसऱ्या कुणाची असेल. पण कुणीतरी उतरलं होतं, एक सावली उसात शिरताना मी बघितली होती. मी हाक मारली. ओ आली नाही. ऊस वाऱ्यानं सळसळत होता, आणि ऊस वाऱ्याशिवायही सळसळतो, तो आवाज कुठला हे सांगता येत नाही. हे कामावर होते. मला लाज वाटत नाही सांगायला, त्या वेळी आई म्हणून मी धावत गेले नाही, तिथंच उभी राहून ओरडत राहिले.

मग उसाच्या मधून तिचा आवाज आला. मोठा, फाटलेला.

"मी प्रज्ञा. वाटेच्या मधी आहे. पुढं यायची न्हाई मी. मला न्यायला या."

लक्ष्मणभाऊ आणि त्यांचा भाऊ ताट बडवत पळाले, मागं मी. ती वाटेच्या मधोमध ताठ उभी होती, बॅग छातीशी धरून, पाठ कुठल्याच उसाकडं न करता. तिनं सांगितलं, ती चालली की डावीकडं कुणीतरी चालत होतं आणि ती थांबली की थांबत होतं. डुक्कर असेल, लक्ष्मणभाऊंचा भाऊ म्हणाला. सकाळी पाटाच्या ओल्या काठावर ठसे सापडले, ते खुरांचे नव्हते. लक्ष्मणभाऊंनी एका ठशाशेजारी आपला पंजा ठेवून बघितला आणि उठून हात झटकले.

पण ते सकाळचं. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात ती पाय धूत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, सॉरी काका, उगाच सगळ्यांना पळवलं, आपल्याच घरी यायला ओरडायचं म्हणजे कसं वाटतं. लक्ष्मणभाऊ दम खात पायरीवर बसले होते. ज्यांनी पूर्वी पडलं-बिडलं तर म्हटलं होतं तेच.

"पोरी," ते म्हणाले, "भ्या वाटतं म्हनून तर हाळी देत्यात. न्हाई तर कशाला घसा फोडायचा? आमी समदेच भितो की."

ती तोंडावर पाणी मारत राहिली, कितीतरी वेळ.

त्यानंतर तिनं माझ्याकडं पुन्हा तो शब्द मागितला नाही. पण वाट बघत होती, ते मला दिसत होतं. आणि माझी अवस्था अशी की त्या संध्याकाळनंतर तर तो शब्द माझ्या तोंडातून कधीही निसटला असता. एक माणूस उसातून परत मिळालंय, तर त्याला आता आभाळात कशाला पाठवायचं? रात्री बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून त्रिसरण म्हणताना माझं मन त्या त्रिकोणातच फिरायचं. एक रेघ तिची, एक रेघ वाऱ्याची, आणि वारा बहुतेक मीच होते. नको म्हणाले तर ती हळूहळू, तिला न कळता, माझ्याकडं सरकत जाईल. वीस वर्षांनी ती कुठं निघालेली असेल आणि कुठं पोचलेली असेल. त्या हिशोबाची मला जास्त भीती वाटली की तिच्या पडण्याची, हे आजही मला सांगता येत नाही.

पेपर झाला. बरा गेला. प्रश्न पेपरचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मी कळंबला हमरस्त्यावर गेले. थंडी होती, दोघींनी स्वेटर घातले होते. तिची बॅग माझ्या पायाशी. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी विचारलं, डबा घेतलास का? ती म्हणाली, घेतला. मी विचारलं, स्वेटरची वरची गुंडी? तिनं लावली. एसटी थांबली, कंडक्टरनं बॅग आत ओढली, ती पायरीवर चढली आणि पुन्हा एकदा वळून बघितलं. मी हात वर केला. मला आठवतं की माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की घरी येईपर्यंत कानशिलं दुखत होती.

लोकांना वाटतं सवय होते. आता ती मोठ्या विमानात उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसते, तिच्या मागं कितीतरी माणसं निवांत झोपलेली असतात, आणि ओळखीच्या बायका मला म्हणतात, आता काय, तुम्हाला काही वाटत नसेल. वाटतं. ती निघाली की पोचेपर्यंत मी कामं करते, पण पसरट कामं, जी मध्येच सोडली तरी चालतील. मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या. भीती कमी झालेली नाही. तिला घेऊन बसायला मी शिकले, एवढंच.

त्याच हिवाळ्यात, माघात, तिला पुन्हा एकटीनं पाठवलं. तोच मार्ग. आदल्या दिवशी तिनं सांगितलं होतं, त्यामुळे मला सकाळपासून माहीत होतं. मी चौथीच्या वर्गावर होते. नियम मोडून फोन टेबलावर, पुस्तकाखाली. मैदानात झेंड्याच्या दोरीकडं बघितलं तर ती उगवतीकडून हलत होती. पोरांना मी फळ्यावर भागाकार दिला आणि त्याच्या कोपऱ्यात खडूनं एक त्रिकोण काढला, पुसला, पुन्हा काढला. एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का? मी म्हणाले, बरं आहे, तू तुझी बाकी तपास. खिडकीतून आभाळ दिसत होतं, धुरकट, आणि त्यात काहीच नव्हतं.

मधल्या सुट्टीच्या आधी पुस्तक थरथरलं. मी व्हरांड्यात गेले आणि पायरीवर बसले, कारण उभं राहून ऐकायची तयारी नव्हती.

"आई, परत चुकले."

जिवंत माणूसच असं बोलू शकतं, हे समजायला मला एक क्षण लागला. ती भरभर सांगत होती. हवा तशीच होती. घड्याळानं गाव यायला हवं होतं, आलं नाही. डावीकडं पाणी चमकलं आणि तिचं मन पुन्हा म्हणालं, हे आपलं. हात वळायला लागला होता. मग तिनं तो थांबवला आणि रेडिओचं बटण दाबून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मी कुठं आहे मला माहीत नाही, मला मदत करा. पलीकडून शांतपणे विचारलं गेलं, सांगितलं गेलं. ती संगमनेरवरून वळली आणि आली. सरांनी चहा मागवला.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"लई." तिकडं कुणीतरी इंजिन सुरू करत होतं, तो आवाज वाढला आणि पुन्हा कमी झाला. "आई, एक सांगू? त्या दिवशी कळंबला, एसटीत चढताना, तू नको म्हणाली असतीस ना, तर मी उतरले असते. मला इतकं बरं वाटलं असतं."

वर्गात पोरांचा गलका सुरू झाला होता. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मलाही," मी म्हणाले.